रिकाम्या खुर्चीला विचारलेला प्रश्न

दामिनीला लहानपणापासून एक खोड होती. पंगतीला बसली की आपलं ताट सोडून आधी शेजाऱ्याच्या ताटात डोकवायची. आईनं त्यापायी तिला कितीदा धपाटे घातले असतील, मोजदाद नाही. पण खोड काही गेली नाही. उलट त्याच खोडीवर पोरगी पत्रकार झाली, नागपुरातल्या एका मराठी वृत्तवाहिनीत लागली, आणि हिवाळी अधिवेशन आलं की माईक घेऊन मंत्र्यांच्या मागे धावू लागली. त्या मंगळवारी तिला चहाचा कप दिसला तोही या खोडीमुळेच. नाहीतर सत्तावीस वर्षं हजारो लोकांनी ती मुलाखत पाहिली, कपाकडे कोण बघतो हो?

ती मुलाखत म्हणजे शालिकराम पौनीकरांची. नागपुरात टीव्हीवरची पत्रकारिता म्हटलं की आधी त्यांचं नाव निघतं. विणकराच्या घरातला माणूस, साधा खादीचा शर्ट, आणि 'शनिवारचा सवाल' नावाचा कार्यक्रम. अठ्ठ्याण्णव सालच्या अधिवेशनात त्यांनी राज्यमंत्री चंपतरावांना समोर बसवलं आणि विचारलं, "शाळेच्या गणवेशाच्या कापडाचं कंत्राट तुमच्या सख्ख्या मेहुण्याला मिळणार आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?" चंपतरावांनी मान खाली घातली. एक नाही, दोन नाही, तब्बल सात सेकंद माणूस गप्प. दोन दिवसांत राजीनामा. तेव्हापासून नागपुरात कोणाची बोलती बंद झाली की लोक म्हणतात, याचा चंपतराव झाला.

दामिनीनं ते सात सेकंद पहिल्यांदा पाहिले पत्रकारितेच्या वर्गात, पहिल्याच दिवशी. प्रश्न विचारावा तर असा, मास्तर म्हणाले होते. तिनं तेव्हाच ठरवलं की आपल्याला हेच करायचंय. आता रविवारी शालिकरामांना जीवनगौरव पुरस्कार मिळणार होता, आणि त्या कार्यक्रमात दाखवायची बारा मिनिटांची फिल्म करायचं काम संपादक अभिजीतनं तिच्या गळ्यात घातलं होतं. गळ्यात कसलं, तिनंच भांडून मागून घेतलं होतं.

तर कप. प्रश्नाच्या आधी चंपतरावांच्या पुढ्यातला कप काठोकाठ भरलेला. त्या सात सेकंदांत कप रिकामा, तळाशी नुसता चोथा. आणि नंतरच्या उत्तरात कप पुन्हा काठोकाठ. दामिनीनं मागे घेतलं, पुढे नेलं, परत मागे घेतलं. बाप्पा! हा चहा ओतला कोणी आणि प्यायला कधी? जेवणही न करता ती स्कूटी काढून नंदनवन भागात शालिकरामांच्या घरी गेली.

शालिकराम अंगणात उन्हात बसून पेपर वाचत होते. त्यांची बायको इंदूबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. दामिनीनं मोबाइलवर कप दाखवला आणि म्हणाली, "सर, हे काय आहे? मले समजून नाही राहिलं."

शालिकरामांनी चष्मा वर केला, खाली केला. मग आत गेले, आणि लोखंडी कपाटातून जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. त्या काळी कॅसेटी पुसून पुन्हा वापरत. ही त्यांनी स्वतःच्या पैशानं बदली कोरी कॅसेट देऊन घरी आणली होती.

"महालात बाबनकडे जा," ते म्हणाले. "मशीन फक्त त्याच्याकडंच उरली हाय. पाहून घे, मंग ये."

"पण आहे काय यात?"

"सांगितलं तर तू माझं ऐकशील. तुले ऐकायचं नाही, पाहायचं हाय."

इंदूबाईंनी मान वर केली नाही. शेंगा मात्र त्या जरा जास्तच जोरात सोलू लागल्या.

बाबनराव म्हणजे त्या कार्यक्रमाचे कॅमेरामन. आता महाल भागातल्या एका चिंचोळ्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं. कॅसेटचं लेबल वाचून ते एवढंच म्हणाले, "आणली का शेवटी त्यानं बाहेर?" आणि कोणाच्या तरी हळदीचा कार्यक्रम मधेच थांबवून त्यांनी ती मशीनमध्ये घातली.

पडद्यावर मंत्र्यांची खोली आली. चंपतराव बसता बसता शालिकरामांच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होते, "बाप कसा हाय गा तुझा? दम्याचा त्रास कमी झाला का?" चहा आला. मुलाखत सुरू झाली. दामिनी पुढे सरकून बसली. आता विचारतील, मग विचारतील. पण शालिकराम विचारत होते काय, तर "गणवेशाच्या कंत्राटाबद्दल काही तक्रारी आहेत, आपण माहिती घ्याल का?" आणि चंपतराव म्हणत होते, "घेतो ना. नक्की घेतो." मेहुण्याचं नावसुद्धा नाही! बोलता बोलता चहा संपला, मुलाखत संपली.

मग कॅमेऱ्यामागून तरुण बाबनरावांचा आवाज आला: "साहेब, दहा सेकंद कोणी बोलाचं नाही. खोलीचा आवाज घ्याचा हाय."

दामिनीला लगेच कळलं. रूम टोन! तिच्या वाहिनीतली कॅमेऱ्याची पोरंही रोज घेतात. बोलणं जोडताना मधे भोकं पडू नयेत म्हणून नुसत्या खोलीचा आवाज थोडा वेळ टिपून ठेवायचा, तेवढा वेळ सगळ्यांनी चिडीचूप बसायचं. चंपतराव शहाण्या पोरासारखे मान खाली घालून बसले. समोर रिकामा कप. हेच ते सात सेकंद.

"म्हणजे ते गप्प बसा म्हटलं म्हणून बसले?"

"हो ना. थांब, अजून हाय."

चंपतराव उठून गेले. शालिकरामांसमोर आता फक्त रिकामी खुर्ची. एकच कॅमेरा असला की पत्रकाराचे प्रश्न मागाहून, पाहुणा गेल्यावर टिपतात. त्यात गैर काही नाही, आजही तसंच चालतं. अट एकच, जे विचारलं तेच विचारायचं. शालिकरामांनी आधी तोच मिळमिळीत प्रश्न म्हटला. मग थांबले. मग रिकाम्या खुर्चीकडे बोट रोखून कडाडले, "तुमच्या सख्ख्या मेहुण्याला..." तीनदा म्हटलं. दर खेपेला आवाज चढत गेला.

"तुम्ही अडवलं नाही?" दामिनीनं विचारलं.

"मले वाटलं, राग काढून राहिला. टीव्हीवर पाहिलं तेव्हा समजलं," बाबनराव म्हणाले. "आन् नंतर काय, त्याची वाहवा होऊन राहिली होती, माझीबी होऊन राहिली होती. कोण बोलतो?"

दामिनी तिथून निघाली तेव्हा तिला चीड आली होती, रडूही येत होतं. आपण आठ वर्षं ज्या प्रश्नाची आरती ओवाळली, तो प्रश्न विचारलाच नव्हता! तिनं अभिजीतला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दामिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी पुरस्कार आहे. सातच सेकंद आहेत, गाळून टाक."

"त्या सात सेकंदांसाठीच तर पुरस्कार आहे."

"मग गाळू नको, ठेव. पण चौकटीतून कप काप." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. धन्य रे बाबा!

ती पुन्हा नंदनवनात गेली. शालिकराम तिथंच बसले होते, फक्त ऊन सरकलं म्हणून खुर्ची सरकवली होती.

"काहून केलं सर असं?"

"त्या साली त्या कंत्राटापायी गणवेश हातमागाचे सोडून मिलच्या कापडाचे झाले," शालिकराम म्हणाले. "आमच्या आळीतले माग बंद पडले. माझ्या बापाचाबी. मी तो प्रश्न घरून पाठ करून गेलो होतो. पण त्यानं खांद्यावर हात ठेवला, बापाचा दमा विचारला, चहा पाजला. माझी जीभच टाळूला चिकटली. तो गेला आन् मंग मले वाघ झाल्यासारखं वाटलं. रिकाम्या खुर्चीसमोर कोणीबी वाघ होते, पोरी." त्यांनी पेपरची घडी घातली. "हे सगळं फिल्ममध्ये टाक. पुरस्कार राहिला काय, गेला काय."

दामिनीनं मान डोलावली, पण तिच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. शालिकरामांचं झालं, बाबनरावांचं झालं. पण ज्याचं नाव गेलं, त्याला कोणी विचारलं का? आणि तिच्या लक्षात आलं, तसं तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं फिल्मसाठी चौदा जणांच्या मुलाखती ठरवल्या होत्या. त्या यादीत चंपतराव नव्हते.

"मी उद्या भिवापूरला चंपतरावांकडे जाते," ती म्हणाली.

"मीबी येतो," शालिकराम म्हणाले.

"जा बाप्पा एकदाचे," इंदूबाई म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

भिवापूरला चंपतरावांच्या अंगणात तांबडी मिरची वाळत पडली होती. गाडीतून उतरता उतरता दोघांना ठसका लागला. ऐंशी ओलांडलेले चंपतराव खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, शालिकरामांना पाहिलं मात्र, हातातलं सूप आपटलं.

"याले काहून आणलं वं इथं? याच्यापायी माझ्या भावानं अंथरूण धरलं, आन् गेला. सत्तावीस साल झाले, मी देवाले एकच सांगून राहिली, माझा भाऊ चोर नव्हता आन् माझ्या नवऱ्याले काही ठाऊक नव्हतं."

"जिजे, बसू दे त्यायले," चंपतराव म्हणाले.

दामिनीनं लॅपटॉप उघडून कॅसेटवरचं सगळं दाखवलं. रिकाम्या खुर्चीपर्यंत. जिजाबाई डोळ्याला पदर लावून बघत होत्या.

"मले ठाऊकच होतं ना," चंपतराव म्हणाले. "मी तर तिथंच बसलो होतो."

"मग तुम्ही बोलले काहून नाही?"

"कोणाले बोलू? ज्यानं त्यानं येऊन तेच दाखवलं. वर्गात दाखवून राहिले, मोबाइलवर दाखवून राहिले. पण चंपतराव, तेव्हा तू गप्प काहून बसला होता गा, असं विचारायले एक माणूस आला नाही. तू पहिली."

दामिनीला तोंडात मारल्यासारखं झालं. शालिकराम उठले आणि हात जोडून म्हणाले, "भाऊ, चुकलो. माफी द्या."

"इथं नोको मागू गा. इथं जिजी हाय, मी हाय आन् मिरच्या हाय. जिथं म्हटलं होतं तिथं म्हण. पोरी, लाव तुझा कॅमेरा."

दामिनीनं कॅमेरा लावला. शालिकरामांनी त्यात बघून सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. प्रश्न विचारलाच नव्हता, शांतता चोरली होती, आणि आपल्या नावाची सगळी इमारत त्यावर उभी आहे. जिजाबाई एकेका वाक्याला "पाहा, पाहा" म्हणत होत्या. जिंकल्या होत्या बिचाऱ्या. सत्तावीस वर्षांनी का होईना, देवानं ऐकलं होतं.

शालिकरामांचं झालं, तसे चंपतराव म्हणाले, "आता तो प्रश्न विचार."

"काय?"

"त्या खुर्चीले विचारला होता तो. मी हाय ना समोर. मले विचार."

शालिकरामांनी दामिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिला वाटलं, म्हातारा आता ताठ मानेनं 'नाही' म्हणेल, आणि आपली फिल्म पुरी होईल. शालिकरामांनी घसा खाकरला. या खेपेला आवाज चढला नाही. "भाऊ, त्या कापडाचं कंत्राट तुमच्या मेहुण्याले भेटणार हाय, हे तुमाले ठाऊक होतं का?"

"होतं," चंपतराव म्हणाले.

मिरचीवर बसलेली चिमणी उडाली, एवढंच हललं.

"मीच त्याचं नाव पुढं केलं होतं. तू तेव्हा विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं का, मले नाही ठाऊक. घाबरून खोटंबी बोललो असतो. पण तू विचारलंच नाही ना गा. लोकायनं मले शिक्षा दिली ती गप्प बसल्याची. केलेल्या कामाची कोणी दिलीच नाही. मलेबी तेच सोयीचं होतं."

दामिनीचं लक्ष जिजाबाईंकडे गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आयुष्यभर देवापुढे ज्या माणसाची बाजू मांडली, तो समोर बसून एका शब्दात सगळं मोडून मोकळा झाला होता. दामिनीला भडभडून आलं. आता हे टिपायचं नाही, एवढं काही आपण गिधाड नाही, असं म्हणत तिनं कॅमेऱ्याच्या बटणाकडे हात नेला.

"बंद नोको करू वं पोरी," जिजाबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, शालिकरामांना हातानं बाजूला व्हायला सांगितलं, खुर्ची नवऱ्याच्या अगदी समोर ओढली आणि बसल्या.

"आता मले विचारू दे."