तीन किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, या तळ्याचे पाणी, बांधाखालची शेते, पाण्यातले मासे आणि काठावरचे कुरण, या साऱ्या राज्याचा कारभार माझ्या हाती आहे. माझ्या मर्जीशिवाय इथे थेंब हलत नाही. आज सकाळीच एक बकरी माझ्यावर पाठ खाजवून गेली, ती गोष्ट वेगळी.

मी एक जुने कुलूप आहे. बांधातून पाणी सोडायला एक लोखंडी दरवाजा आहे. तो उचलणारे चाक मी साखळीने जखडून ठेवले आहे. कुणावर विश्वास ठेवणे माझ्या धंद्यात बसत नाही.

माझा जन्मही संशयातूनच झाला. शेतकऱ्यांना शेतात पाणी हवे असे, तेव्हा मासेमारांना ते तळ्यातच हवे असे. मेंढपाळ म्हणत, पाणी हळूहळू उतरू द्या, म्हणजे ओल्या काठावर गवत येईल. तिघांचेही खरे होते, म्हणून तर भांडण मिटेना. एकाची पाठ वळली की दुसरा चाक फिरवी. कधी पिके वाळली, कधी मासे चिखलात तडफडले. शेवटी सगळ्यांनी बसून ठरवले, की तीन किल्ल्या लावल्याशिवाय उघडणार नाही असे कुलूप करायचे. किल्ल्या तीन ठिकाणी, प्रत्येकाच्या म्होरक्याकडे एक. तिघे हजर आणि तिघे राजी, तरच पाणी.

लोहाराने मला आणि माझ्या साखळीला घणानेही तुटू नये असे मन लावून घडवले. मी त्याच्या भट्टीपाशी गार होत पडले होते, तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्याबाई आल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या दोघांच्या किल्ल्यांची जोडी मलाही करून दे. वापरायची नाही रे! आपली असावी जवळ."

त्या गेल्या आणि मासेमारांचे काका आले. "आत्याबाई काही मागून गेल्या का? नाही ना? मग मला दे." शेवटी मेंढपाळ दादा लोकरीच्या कात्रीला धार लावायच्या निमित्ताने आला. कात्रीला धार आधीच होती.

लोहार तिघांनाही "हो" म्हणाला. त्याने सुबक किल्ल्या घडवल्या, फडक्यात बांधून दिल्या. त्या माझ्यातच काय, जगातल्या कोणत्याच कुलपात फिरल्या नसत्या.

आणि कारभार सुरळीत चालला! वेळ पडली तर आपली सोय आहे, या समाधानात प्रत्येकजण सभ्यपणे वागू लागला. "मासे अंडी घालताहेत, थोडं थांबता का?" "थांबू की, पण मग पुढच्या पाळीला हात आखडू नका हं." पाहुणे मला बघायला येऊ लागले. एक साहेब तर मला 'परस्परविश्वासाचे प्रतीक' म्हणाले. कुलपाला असे म्हणणाऱ्याशी काय बोलणार?

एका वर्षी मात्र पाऊस थांबेना. पाणी बांधाच्या काठाला टेकले. बांध फुटला तर खालची शेते, झोपड्या, मेंढरे सगळे वाहून जाणार होते. सारे धावत आले. दादाने गळ्याला हात लावला, तर नुसता दोरा. मेंढरांना पाणी पाजताना किल्ली तळ्यात पडली होती.

"पडली का पाडली?" काका म्हणाले.

"माझी मेंढरं बांधाखालीच आहेत ना, काका!"

पाणी आणखी चढले. आत्याबाई आणि काका एकमेकांची नजर चुकण्याची वाट पाहत राहिले. शेवटी दोघांनी एकदमच पाठ फिरवली, एकदमच फडके सोडले आणि एकदमच माझ्याकडे वळले. दोघांच्या हातात दादाच्या किल्लीची जोडी! एकीने लावून पाहिली, मग दुसऱ्याने. दोन्ही फिरेनात. सगळ्यांनी लोहाराकडे पाहिले.

तो पोत्यात माती भरत होता. "चोरकिल्लीची हमी कोण देतं, आत्याबाई?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून कामाला जोर आला. दादाने जागा दाखवली, काकांच्या माणसांनी बारीक जाळे टाकले, शेतकऱ्यांनी बांधावर पोती रचली. जाळ्यात आधी एक चप्पल आली, मग पातेल्याचे झाकण, मग किल्ली.

तिन्ही किल्ल्या लागल्या. पण मीच फिरेना. गंज! मला एकट्याने हात लावणारा चोर ठरे, म्हणून इतक्या वर्षांत तेल घालायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि तिघे जमत तेव्हा घाई पाण्याची असे. दादाने कात्रीला लावायच्या तेलाची कुपी माझ्यात उपडी केली, तेव्हा मी करकरत उघडले. बांध वाचला.

मित्रांनो, त्यानंतर सगळे सुधारले असे समजू नका. खोट्या किल्ल्या अजून कुणी फेकलेल्या नाहीत. एकमेकांवर विश्वास ठेवा, असा उपदेश मी कुलूप असून करणार नाही. संशय असला तरी या. पण तिघेही या. आणि याल तेव्हा तिघांच्या देखत माझ्यात दोन थेंब तेल सोडा. स्वयंपाकाचे मात्र नको. मुंग्या लागतात.