आईच्या घराच्या बाजूची साखळी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. परंतु दाराची नव्हे, घड्याळाची नव्हे आणि गुरांच्या दावणीतली तर मुळीच नव्हे. विजेच्या तारांवर काम करणारी माणसे मला अर्थिंगची साखळी म्हणतात. तांब्याच्या बारीक तारा एकत्र पिळून माझे अंग घडवले आहे. माझ्या एका टोकाला पितळी आकडे आहेत आणि दुसऱ्या टोकाला जमिनीत ठोकायची लोखंडी खुंटी. आकडे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना हसू आले, ते माझ्या लक्षात आले आहे. चोरून वीज घेणाऱ्यांचे आकडे वेगळे. माझ्या घराण्याशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही.

माझे काम नीट ऐकून घ्या, मी पुन्हा सांगणार नाही. वीज बंद करून वायरमन तारेला हात लावतो. पण मध्येच कुणी चुकून वीज सोडली तर? म्हणून काम सुरू होण्याआधी माझे आकडे सगळ्या तारांवर अडकवतात. भलत्या वेळी आलेली वीज मग माणसाकडे न वळता माझ्या अंगातून थेट जमिनीत उतरते. आगंतुकाला मी उंबरठ्यावरच अडवते म्हणा ना.

पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला पिळणारी बाई आपल्या जोडीदारणीला म्हणाली होती, "घट्ट पीळ गं, कुणाच्या तरी नवऱ्याचा जीव हिच्यावर टांगलेला असणार आहे." हा आशीर्वाद घेऊन मी वायरमनच्या हाती आले. तो माणूस मोठा रीतीचा. काम संपले की माझे आकडे पुसायचा, पीळ न पडू देता माझे वेटोळे घालायचा आणि गाडीत स्वतःशेजारच्या आसनावर मला बसवायचा. पावसात मला रेनकोटात गुंडाळून स्वतः भिजत घरी जाणारा माणूस मी पाहिला आहे. इतका मान किती जणींच्या वाट्याला येतो?

पुढे नवी साखळी आली. अंगाने हलकी, नारिंगी मुठीची, फार लाडाची. मी गाडीच्या मागच्या फळीखाली गेले आणि एका फाटक्या गमबुटाशेजारी माझा संसार सुरू झाला. बोलायला कुणी नाही. गमबुटाचे तोंड फाटून उघडे होते, पण बोलण्यासारखे काही नव्हते. मी रुसले नाही. रुसणे आमच्यात बसत नाही.

मग ते वादळ आले. खांब काडीसारखे मोडले, झाडे तारांवर आडवी झाली, विजेच्या तारा टेलिफोनच्या तारांवर पडल्या आणि दोहोंचा असा गुंता झाला की कुणाचे कोण ते कळेना. त्यामुळे एका दुपारी दोन खात्यांची दोन माणसे एकाच शेतात उभी राहिली. एक आमचा वायरमन आणि दुसरे टेलिफोनच्या लाइनवरचे त्याचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. निघताना बहिणीने भावाला बजावले होते, "यांना सांभाळ रे. हे कुणाचं ऐकत नाहीत."

जिथून वीज येते त्या उपकेंद्राच्या बाजूला वायरमनने नव्या साखळीचे आकडे अडकवले. मग फळीखालून मला ओढून काढले.

"आता ही म्हातारी कशाला?" भाऊजी म्हणाले. ते आपल्या खांबावर चढून कमरेचा पट्टा बांधून तयारच होते.

"पलीकडच्या बाजूला."

"पलीकडे आहे काय? लाइन तुझ्या आईच्या घराशी संपते. तिथून करंट कोण सोडणार, गोठ्यातली म्हैस?"

"कुणी नाही सोडणार."

"म्हणजे, तुझी आई सोडते म्हणा करंट, पण तो तोंडाने!"

वायरमनलाही हसू आवरेना. तरी त्याने मला खांद्यावर घेतले. "भाऊजी, दोन्हीकडे बांधल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही. आणि तुम्हीही लावणार नाही."

"आमच्या तारेत नुसत्या गप्पा वाहतात रे. त्याने कुणी मरत नाही."

"आज तुमच्या गप्पांवर माझी तार पडली आहे. गुपचूप बसा. नाहीतर ताईला सांगेन."

या धमकीचा गुण आला. भाऊजी हात बगलेत घालून वर बसून राहिले आणि वायरमन गुडघाभर चिखल तुडवत निघाला. मी वजनदार आहे, हे मी नाकारणार नाही. त्याला वाटेत धाप लागली. तरी पलीकडच्या खांबाशी त्याने माझी खुंटी ओल्या जमिनीत खोल ठोकली, लांब काठीने माझे आकडे एकेका तारेवर चढवले आणि ओढून पाहिले. मगच तो परतला. दोघांनी गुंता सोडवायला घेतला.

तेवढ्यात लांबून खर्रर्र असा आवाज आला.

"ट्रॅक्टर असेल कुणाचा," भाऊजी म्हणाले. त्यांच्या एका मुठीत टेलिफोनची तार होती आणि दुसऱ्या मुठीत विजेची.

आणि मित्रांनो, वीज आली. जिथून येण्याचे काहीच कारण नव्हते, त्या आईच्या घराच्या बाजूने आली. आकड्यापाशी निळा जाळ उडाला, पितळ काळे पडले, खुंटीभोवतीच्या चिखलातून वाफ निघाली. माझे अंग तापले, थरथरले. पण मी आकडा सोडला नाही. माझ्यापुढे त्या दोन माणसांचे हात होते. मी तिला पुढे जाऊ दिले नाही. क्षणभरात तो खर्रर्र आवाज घुसमटला आणि थांबला.

"भाऊजी, हात सोडा! खाली उतरा!" वायरमनने जाळ पाहिला होता. दोघेही तारेखालून आईच्या घराकडे धावत सुटले.

पुढचे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. अंगणात आई जनरेटरची दोरी पुन्हा ओढायच्या बेतात होती. जन्मात आईपुढे आवाज न चढवलेला मुलगा ओरडला, "आई, दोरी सोड!"

तिने दचकून दोरी सोडली. "अरे, ओरडतोस काय? चिखलाने माखून याल, म्हणून पंप लावून टाकीत पाणी चढवत होते तुमच्या अंघोळीला. हे जावईबापूंचं यंत्र धड चालेल तर शपथ!"

जनरेटर खरोखर जावईबापूंचाच होता. सासूबाईंचे अंधारात हाल नकोत, म्हणून त्यांनीच आणून दिलेला. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून त्यांनी तो घराच्या प्लगला जोडला होता आणि दोरी कशी ओढायची ते शिकवले होते. आधी घराचा मेन स्विच बंद करायचा, एवढेच सांगायचे राहिले. मेन चालूच होता. म्हणून घरातली वीज घरात न थांबता उलटी तारेवर निघाली होती.

भाऊजींनी ती वायर पाहिली, मेन पाहिला आणि ते पायरीवर मटकन बसले. वायरमनने आईला सगळे समजावून सांगितले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे मी तुम्हाला दोघांना..."

"काही झालं नाही, आई. साखळी होती."

मग तिने पदर खोचला. "जावईबापू, उठा. बसून चालायचं नाही. आधी ती वायर काढून माझ्या हातात द्या. मेन बंद करा. आणि मला दाखवा ती साखळी."

अशी ती माझ्यापाशी आली, मित्रांनो. चिखलातून, मुलाचा हात धरून. माझा काळा आकडा पाहून तिने हात पुढे केला.

"लांबून बघ, आई. काम अजून व्हायचं आहे."

तिने लगेच हात मागे घेतला. "तुम्ही जा कामाला. मी इथेच आहे." आणि ती दुहेरी पिनांची वायर मुठीत आवळून ती खांबापासून थोडी दूर उभी राहिली. बसा म्हटले तर बसेना, घरी जा म्हटले तर जाईना. दोघे खाली उतरेपर्यंत आम्ही दोघींनी पहारा केला. बोललो नाही. आमच्यासारख्यांना बोलावे लागत नाही.

संध्याकाळी तार उभी राहिली, टेलिफोन बोलू लागला. पहिला फोन आईने लेकीला लावला. गाडी अंगणात होती, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. "तुझा नवरा धडधाकट आहे. समोर बसून गरम गरम खातो आहे. आता मी त्याला जरा बोलणार आहे. फोन ठेवू नकोस, ऐक." भाऊजी मान खाली घालून सगळे ऐकत होते आणि, खरे सांगते, आनंदाने ऐकत होते.

वायरमनने माझा जळका आकडा बदलून घेतला. गमबुटाचा शेजार सुटला. आता ज्या बाजूने काही येणार नाही अशी सर्वांची खात्री असते, त्या बाजूला मला बांधतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी जनरेटर असेल, तर आज घरी जाऊन विचारा की तो आणि बाहेरची तार एकाच वेळी जोडलेले राहणार नाहीत असा स्विच बसवला आहे का. मोठी माणसे हसली तरी विचारा. वादळानंतर खांबावर कुणी दिसले, तर खालून लाइट कधी येणार म्हणून ओरडू नका. त्याला दोन्हीकडच्या खांबांपर्यंत चालत जाऊ द्या. त्याच्या घरीही कुणीतरी अंघोळीचे पाणी काढून वाट पाहत असते.