फळ्यावरचं शेवटचं वाक्य

मी जाम गावच्या शिकवणीतला फळा बोलतोय. चार वाजायच्या आत सगळं सांगून टाकतो. चारनंतर मला बोलवत नाही.

चौऱ्याण्णव साली सुतारानं दोन फळ्या जोडून मला घडवलं. निवृत्त इंग्रजी मास्तर प्रभाकररावांनी काळा रंग देऊन आपल्या ओसरीत टांगलं. दहावीच्या पोरांना ते 'गिव्ह अप', 'ब्रेक डाउन' असली जोडक्रियापदं शिकवत. रोज एक क्रियापद, रोज एक वाक्य, आणि वाक्यात नाव खऱ्या माणसाचं, गावातल्याचंच. त्याशिवाय पोरांच्या डोक्यात शिरत नाही, हे त्यांचं ठाम मत. खडू असा दाबून लिहीत की माझं अंग दुखायचं.

'रूपराव गेव्ह अप टोबॅको.' म्हणजे रूपरावांनी तंबाखू सोडली. गाव हसलं. आठवड्यात रूपरावांनी खरंच सोडली. लाजेनं सोडली असेल, असं मी मनाला समजावलं. मग 'बंडूजीज जीप ब्रोक डाउन' लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी बंडूजींची जीप चौफुलीवर बंद पडली. तेव्हा मला माझीच भीती वाटू लागली. मास्तरांनाही वाटली असावी, कारण वाईट अर्थाची क्रियापदं ते गुपचूप गाळू लागले.

दोन हजार तीन साली रुचिका नावाच्या पोरीनं वही चाळली.

"सर, 'पास अवे' काऊन सोडलं? पेपरात येते ना!"

"मरनाऱ्याचं नाव कोनाचं टाकू, बाई?"

"कोनाचंई टाका."

खोटं नाव टाकलं तरी त्या नावाचा कोणीतरी कुठंतरी असणारच. मास्तरांनी मला स्वच्छ पुसून घेतलं. मग लिहिलं, 'प्रभाकरराव पास्ड अवे.' पोरं हसली. मला ओरडावंसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी ते गेले.

तेरवी आटोपल्यावर त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, रुचिकाला बोलावून घेतलं. ते वाक्य घासून घासून पुसलं आणि तिच्या हातात खडू दिला.

"त्यायले वापस येवाले लाव ना वं. लिहून दे."

"काकू, असं नाई होत..."

"तुह्याच सांगन्यावरून लिहिलं ना त्यायनं?"

रडत रडत पोरीनं लिहिलं, 'सर केम बॅक.' त्यानंतर ती या ओसरीवर कधी आली नाही.

आज पाच वर्षं झाली. रोज चारला दाराशी चपला काढल्याचा आवाज होतो, ओळखीचा खोकला येतो. दिसत कोणीच नाही. अनुसयाबाई दोन कप चहा मांडून हसऱ्या चेहऱ्यानं बसतात. त्यांना वाटतं, मास्तर शिकवायला येतात.

मला ठाऊक आहे, ते 'सर केम बॅक' पुसायला येतात. डस्टर आपोआप उचललं जातं, माझ्या अंगावर दाबून दाबून फिरतं, आणि एक अक्षर जात नाही. शेवटी ते थकून खाली ठेवतात. ते वाक्य पुसायला जित्या माणसाचा हात लागतो, आणि बाई कोणाला मला शिवू देत नाहीत.

चपला वाजल्या. अनुसयाबाई, तुमच्या पाया पडतो, एकदा माझ्यावरून ओला फडका फिरवा. मास्तर फार थकलेत हो, त्यांना जाऊ द्या.