तोळगवीचं वावर

औरादजवळच्या आमच्या माळावरच्या वावराचं नाव तोळगवी. लग्न होऊन आले तशी मीही तोळगवीच म्हणते. वावराच्या नावाचा अर्थ कोण विचारतंय!

वेळामावस्येच्या शेतपूजेला आंबील, भज्जी, उंडे घेऊन आम्ही शेतात गेलो. जेवता जेवता आमचे मालक, अमरेश, म्हणाले, "उद्या वीरेशची जेसीबी येणार. मधलं टेकाड सपाट करून टाकतो."

मालकांच्या रुद्रम्मा आत्या दुबलगुंडीहून आलेल्या. त्यांचा उंडा हातातच राहिला.

"गवी पाडायलास? कामून रे?"

"कसली गवी आत्या? टेकाडातलं घुशीचं बीळ हाय ते."

"बीळ घुशीला. गवी मोठ्या जनावराला. अन् तोळ म्हंजे लांडगा. मराठी बोलून बोलून घरचं कानडी इसरलाव तुम्ही!"

"मला तर कधी लांडगा दिसला न्हाई."

"तो काय तुझ्यासारखा बाराही महिने घरात बसतो व्हय? मादी पिलांपुरती आत राहती. बाळंतिणीची खोली हाय ती."

खरंच आत पिलं असली तर उद्या जिवंत गाडली जाणार!

आमच्या घरची रीत अशी, की शेतभर नैवेद्याचा चरग शिंपून झाला की शेवटची मूठ टेकाडापाशी टाकायची आणि मागं न बघता यायचं. बघितलं तर देवी कोपते म्हणे.

"देवी-बिवी न्हाई," आत्या म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावतं का?"

मालकांनी चरग शिंपला, शेवटची मूठ टाकली, वळले. मी आंबिलीचं मडकं घेऊन मागं. आणि मी वळून बघितलं.

भोकातून दोन कान वर आले. मग एक तपकिरी गोळा घरंगळत बाहेर, त्याच्यावर दुसरा!

"अहो, बघा! बघा की मागं!"

"रीत मोडायलीस?"

"मोडली! आता तुम्हीपण मोडा!"

ते वळले. तेवढ्यात तुरीच्या कडेला ती दिसली. हडकुळी, कान ताठ, नजर सरळ आमच्यावर. मालकांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. आम्ही पाय न वाजवता मागं मागं सरकलो.

बांधावर येताच त्यांनी फोन लावला.

"वीरेश, उद्या येऊ नको. उन्हाळ्यात बघू."

"कामून अण्णा?"

"बाळंतीण हाय रे इथं."

"अरे वा!" वीरेशचा आवाज मलाही ऐकू आला. "पोरगा का पोरगी?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं.

"अजून मोजली न्हाईत."