रीतसर संप

“चहा सांगू, म्मे?” संपाच्या नोटिशीच्या प्रतीवर शिक्का मारता मारता मॅनेजर लेउटा यांनी विचारलं.

“चहा नको, न्ताते,” नथोफीलाही तितक्याच आदबीनं म्हणाली. “पोच द्या.”

ती मासेरू शहरातल्या या जीन्स कारखान्यात खिसे शिवायची. युनियनची शाखा-सचिवही तीच. मागच्या वेळी बायका रागाच्या भरात मशिनी बंद करून बाहेर पडल्या होत्या. नोटीस नव्हती म्हणून संप बेकायदा ठरला आणि तिच्या धाकट्या बहिणीसकट कितीतरी जणी घरी बसल्या. या वेळी तिनं मतदान घेतलं, पुढच्या सोमवारची तारीख घातली, सगळं रीतसर केलं.

दुपारी फळ्यावर सूचना लागली: रविवारपर्यंत रोज ओव्हरटाइम, दुप्पट दरानं.

ती तडक युनियनच्या कचेरीत गेली. “संपाच्या दिवसांत पुरावा म्हणून माल साठवतायत ते! आम्ही ओव्हरटाइम करणार नाही.”

“खुळ्यासारखं करू नका,” संघटक मोएकेत्सी म्हणाला. “मुदतीआधी सगळ्यांनी मिळून काम नाकारलं, तर तोच बेकायदा संप. नोटीस फुकट, नोकऱ्याही.”

“मग आमचा संप आमच्याच हातांनी मोडायचा?”



कारखान्यात बायका खुशीत होत्या. “तोंड का पाडलंस, सचिवबाई?” शेजारच्या मशिनवरची पुसेलेत्सो म्हणाली. “संपात कोण पोसणार? आत्ताच चार पैसे गाठीला बांधू दे की!”

नथोफीलानं हात संथ चालवून पाहिला. लगेच मागून ओरड आली, “अगं, झोपलीस का? इथं आमचं काम अडलंय!” तिनं पुन्हा पायाखालची पट्टी दाबली.

रविवारी संध्याकाळी भरलेले ट्रक सरहद्दीकडे गेले.

सोमवारी सकाळी बायका घोंगड्या पांघरून, गाणी म्हणत आल्या. पोलीस नव्हते. फाटक सताड उघडं होतं. म्हातारा पहारेकरी उन्हात बसला होता.

“आत कोणी नाही,” तो म्हणाला. “साहेब सुट्टीवर गेलेत. म्हणाले, बायकांना हवं तितकं उभं राहू दे. तहान लागली तर नळ आत आहे.”

गाणं विरत गेलं. दोघीतिघी पाण्यासाठी पुढे सरकल्या.

“आत कुणीही जायचं नाही,” नथोफीला म्हणाली. तिनं उघड्या फाटकासमोर बुटाच्या टाचेनं मातीत रेघ ओढली आणि रेघेच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला उभी राहिली. जरा वेळानं पुसेलेत्सो तिच्या शेजारी आली.