तीन चुलींची वाटणी

"चूल खोटी मांडू नये गं, चारू. तू शिकलेली आहेस, तूच समजाव माझ्या मुलांना," असं माई म्हणाल्या, तेव्हा चारुलता तापाने फणफणलेल्या आपल्या तान्ह्या जयूच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. मान वर न करताच तिने उत्तर दिलं, "कागदापुरतं आहे हो, माई. साहेब बघून गेले की सगळं पहिल्यासारखं." अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई. चुलीबिलीच्या शकुनांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

माई म्हणजे घरमालक भय्यासाहेबांच्या आई. उज्जैनच्या माधव नगरात त्यांचं दुमजली घर. वर भय्यासाहेब, त्यांचा धाकटा भाऊ विष्णू आणि दोघांची बायकापोरं. खाली रस्त्याकडच्या दोन खोल्यांत भाड्याने चारुलता आणि प्रभाकर. देवास गेटला त्या भावांचं कापडाचं ठोक दुकान, लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसे. मध्यभारत राज्याला केंद्राचा इनकम टॅक्स नुकताच लागू झाला होता, आणि संस्थानी अमलात असला कर कधी न पाहिलेल्या व्यापाऱ्यांची धांदल उडाली होती. भय्यासाहेबांनी इंदूरहून वकील आणला. वकील म्हणाला, वाटणी दाखवा. दोन भाऊ आणि आई असे तीन हिस्से पडले की एकेकाची कमाई लहान दिसेल आणि कर नावापुरता उरेल. फक्त चौकशीला कोणी आलं तर तीन चुली पेटलेल्या दिसायला हव्यात.

वर दोन जावांच्या दोन चुली झाल्या. त्या दोघींना ते हवंच होतं. माईंची चूल मागच्या अंगणात, कोळशाच्या खोलीत मांडली गेली.

चारुलताला तेव्हा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रभाकर बांधकाम खात्यात इंजिनिअर. नव्या वेतनश्रेणीने त्याचा पगार करपात्र झाला आणि कर परस्पर कापूनच पगार हातात पडू लागला. त्या पगारावर धारला सासूबाई, शिकणारे दोन दीर, माहेरी परतलेली नणंद, आणि इथे ही तिघं.

"आपण नाही का एकत्र कुटुंब?" ती त्याला म्हणाली. "भय्यासाहेबांचं मोडलं तर त्यांना सवलत. आपलं जुळलेलं आहे तर आपल्याला काय?"

"आपलं कुटुंब फक्त जेवायला एकत्र," प्रभाकर बूट काढत म्हणाला. "पगार माझ्या एकट्याच्या डोक्यावर. वाटणी करायला दुकान लागतं, बाईसाहेब."

"म्हणजे ज्याच्याकडे तोडायला काही आहे त्यानेच तोडावं आणि वाचवावं?"

"तू कॉलेजात हेच शिकलीस ना? मग मला काय विचारतेस?"

"कॉलेजात शिकवलं होतं, ज्याची ऐपत जास्त त्याने कर जास्त द्यावा."

"मग पुस्तक चुकीचं असेल," तो हसला. तिला हसू आलं नाही.

इनकम टॅक्सचे साहेब आले, तीन चुली बघून गेले, वाटणी मान्य केल्याचा हुकूम निघाला. पण माईंची चूल काही वर गेली नाही. चारुलताने भय्यासाहेबांच्या बायकोला, मंगलावहिनींना, जिन्यात गाठून विचारलंच.

"अहो भाभी, दर साली तपासणी असते," मंगलावहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "मध्येच कोणी टपकलं आणि माईंचं ताट वरून जाताना दिसलं तर? सगळा मामला बिघडेल ना! आणि तुम्ही पण नका हं ताट देऊ. लोक बघतात."

पुढच्या वर्षी हेच, त्याच्या पुढच्या वर्षीही हेच. मग ते कारणसुद्धा कोणी सांगेनासं झालं. नातवंडं मागच्या अंगणात फिरकत नसत. माईंना मोतीबिंदू. चारुलता पदराआड वाटी लपवून नेई, तर माई म्हणत, "जेवले गं मी, पोटभर." एका सकाळी पातेलं उतरवताना त्यांचा पदर पेटला. चारुलताने घोंगडी टाकून विझवला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

त्याच दुपारी जयूला कडेवर घेऊन ती इनकम टॅक्सच्या कचेरीत गेली. साहेबांना सगळं धडाधडा सांगितलं: वाटणी खोटी आहे, दुकान एकच, गल्ला एकच. सगळं उघड झालं की माई वरच्या पंगतीत बसतील, एवढाच तिचा हिशोब.

साहेब भला माणूस, लगेच आला. मागच्या खोलीत वाकून त्याने विचारलं, "माताजी, आप अलग रहती हैं?"

माईंनी भाजलेला हात पदराखाली घेतला. "हो, साहेब. मी माझं वेगळंच करून खाते. हिश्श्याचे पैसे मुलगा वेळच्या वेळी देतो."

साहेबाने चुलीकडे पाहिलं, एकाच माणसाच्या भांड्यांकडे पाहिलं, आणि चारुलताकडे वळला. "बहनजी, इससे सच्चा बँटवारा मैंने उज्जैन में नहीं देखा."

तो गेल्यावर चारुलता रडकुंडीला आली. "माई, असं का बोललात?"

"मग काय पोटच्या पोराला दंड करवू?" माई म्हणाल्या. "आणि खोटं कुठे बोलले? वेगळीच आहे की मी."

भय्यासाहेबांनी संध्याकाळी दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "प्रभाकरराव, दुसरं मकान बघा." बघायची वेळच आली नाही. छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्यभारत राज्य मध्य प्रदेशात विलीन होऊन संपलं, कचेऱ्या भोपाळला हलल्या आणि त्यांच्यामागून ही तिघंही. पगार वाढला, तसा कापला जाणारा करही वाढला. देवास गेटच्या दुकानावर म्हणे मजला चढतो आहे.

भोपाळला उज्जैनकडचं कोणीही भेटलं की चारुलता त्याला तेच सांगते, आणि आता वाचणाऱ्या तुम्हालाही सांगते आहे. महाकालाला जाल तेव्हा माधव नगराकडे पाय वळवा. पुढच्या दाराने विचारू नका. माई मजेत आहेत, असंच उत्तर मिळेल. मागच्या गल्लीने जा, खोलीचं दार ढकला, जेवलात का म्हणून विचारा. त्या हो म्हणतील. तरी पातेल्यावरचं झाकण उचलून बघा.