भिमाजीची मिशी

कोंडाजी आबा वारले. ती बाब बाजूला ठेवून ते शिरगावात आपल्याच ओट्यावर बसले होते आणि पावट्याच्या शेंगा सोलत होते.

आंबीची रतनबाई, त्यांची मेव्हणी, रस्त्यापासूनच गळा काढत आली. "दाजी, न सांगता गेलात वो," म्हणत ओट्यापाशी पोचली, तेव्हा दाजींनीच तिला बसायला पोतं सरकवलं. तिनं हुंदका अर्ध्यावर गिळला. उरलेला अर्धा कुठं ठेवावा हे तिला कळेना.

"पानी देऊ?" आबा म्हणाले.

"तुमी हायसा?"

"हाय की. सकाळपासनं हितंच हाय."

चूक तिची नव्हती. परवा तळेगाव स्टेशनवर तिनं आबांचा मुलगा, तिचा भाचा भिमाजी पाहिला होता. डोकं तुळतुळीत, मिशी गायब. बाप गेल्याशिवाय त्यांच्यात कुणी मिशीला वस्तरा लावत नसे. सुतकातल्या माणसाला रस्त्यात काय थांबवायचं, म्हणून ती तिथं बोलली नाही. रीतीप्रमाणं दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन थेट घरी आली.

भिमाजी दारात उभा होता, भुवयांसकट कोरा. त्याला कॅन्सर होता आणि ते आबांना कळू द्यायचं नाही, असं वचन त्यानं बायकोकडून, शालूबाईकडून, घेतलं होतं. या वयात बापाला सोसायचं नाही. त्यामुळं घरात सगळ्याला एकच कारण होतं, उष्णता. केमोच्या लाल सलाईननं केस गेले, उष्णता. भाकरी खिळा चाटल्यासारखी लागायची, उष्णता. उलटी थांबवायच्या गोळीनं पोट बंद पडलं, तीही उष्णताच. खरं वाटावं म्हणून शालूबाई ऐन थंडीत आबांनाही सब्जा पाजत होती.

"मग मिशी कुनासाठी काढली रं?" रतनबाईनं विचारलं. "बाप तर हितं शेंगा सोलतोय."

भिमाजीनं शालूबाईकडं पाहिलं. शालूबाईनं छपराकडं पाहिलं. आता एकतर बापाला मारायचं, नाहीतर खरं सांगायचं. भिमाजी अंमळ बापाला मारण्याकडं झुकला होता.

"मावशी, ते उष्णतेनं..."

"लाल सलाईननं जाती मिशी," शेंगेवरची नजर न काढता आबा म्हणाले. "परत येती. कुरळी येती म्हनं."

शालूबाईच्या हातातला सब्जाचा पेला तिथंच थांबला.

"आबा, तुमाला..."

"मला ऐकू येत न्हाई हे तुमीच ठरवलं. मी कवा बोललो?" आबांनी पेला बाजूला सारला. "अन् हे बास आता. गारठून मरायची पाळी आली."

रतनबाईनं मांडीवरची पिशवी चाचपली. "मग टॉवेल-टोपी परत न्हेऊ?"

"ऱ्हाऊ द्या. आनलेलं परत न्हेऊ न्हाई."

आबांनी टोपीची घडी मोडली, भिमाजीला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली. अडायला काहीच नसल्यानं ती घसरत नाकापर्यंत आली. भिमाजीनं ती वर केली नाही. आत त्याचे डोळे होते.

आबा एके काळी पोलीस पाटील होते. गावातलं प्रत्येक मरण कचेरीत त्यांनीच कळवलेलं. ते उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आभाळाकडं हात जोडले.

"अर्जदार कोंडाजी, राहणार शिरगाव, तालुका मावळ. अर्ज करतो की, सदर घरातील एक इसम मयत झाला असून त्याचा दुखवटाही रीतसर पोचला आहे. तरी या घराकडून येणे बाकी नाही असे समजून, माझ्या मुलाच्या नावाचा विचार करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."